हाती न आलेला किल्ला

सकाळी सात वाजता आम्ही पणजीच्या कांपाल भागात मांडवीकाठच्या बाकावर बसलो होतो. समोर, नदीपलीकडच्या टेकडीच्या सोंडेवर रेईस मागोसचा किल्ला. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या तटावर पडली आणि काळपट तांबडा चिरा हळूहळू उजळत गेला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जागा बघ. नदी कुठे आवळली आहे ते बघ. इथे तोफ ठेवली की कुणाची बिशाद आहे आत यायची!"

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातले. आता गुडघे साथ देत नाहीत. राजगड, तोरणा, साल्हेर ही नावं निघाली की ते अजूनही सरसावून बसतात, पण चढणीचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघतात. म्हणून मी हा किल्ला निवडला. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे थोडाच चढ. आणि दुसरं कारण म्हणजे, हा किल्ला त्यांनी कधीच बघितलेला नव्हता. चाळीस वर्षांत निदान दहा वेळा आम्ही गोव्याला आलो असू. मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, समुद्र झाला. पोर्तुगिजांचे किल्ले मात्र बाबांच्या यादीत नव्हते. "त्यात आपलं काय आहे?" एवढंच ते म्हणायचे, आणि विषय संपायचा.

पुलावरून पंधरा-वीस मिनिटांत पोचलो असतो. पण बाबांना फेरीच हवी होती. म्हणून बेतीला जाणारी फेरीबोट धरली. लोखंडी फळी धक्क्यावर आदळली, स्कूटरवाले सरसर आत शिरले, मासळीच्या टोपल्या घेऊन दोघी जणी कठड्याला टेकल्या, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. तेवढ्या वेळात बाबांनी कठडा सोडला नाही. नदीच्या तोंडाकडे बघत ते मनातल्या मनात गलबतं मोजत असावेत.

टेकडीच्या पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च आहे, त्याच्या पुढ्यात लांबरुंद पायऱ्या. रेईस मागोस म्हणजे तीन राजे. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ते तीन ज्ञानी पुरुष. ६ जानेवारीला इथे त्यांचा सण असतो. चर्चच्या कडेने वाट वळते आणि तट एकदम अंगावर येतो.

तिथे बाबा थांबले. दम लागला म्हणून थांबले असं मला वाटलं, पण ते भिंत बघत होते.

ती भिंत मलाही पुढे कितीतरी वेळ सोडवेना. चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा लागला की कठीण होत जातो. जवळून बघितला तर मधाच्या पोळ्यासारखा, भोकाभोकांचा. एका भोकात मुंगीने माती भरली होती, दुसऱ्यात शेवाळाचा एवढासा ठिपका. दोन चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भरलेल्या. सिमेंटची ती करडी, निर्जीव रेघ कुठेच नाही. चुना किंचित पिवळसर, बोट फिरवलं की खरखरीत. बाबांनी बोटाच्या पेराने एका दरजेवर टकटक केलं, मग तळहात तसाच भिंतीवर ठेवला. "चुनाच आहे," ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता, की जवळून जाणारं एक जोडपं वळून बघायला लागलं.

चुन्याचं त्यांना एवढं का, ते मला माहीत आहे. आमच्या भागातल्या एका गढीची डागडुजी त्यांनी डोळ्यांसमोर होताना पाहिली होती. कंत्राटदाराने आठ दिवसांत सिमेंट थापलं आणि तो मोकळा झाला. बाबा तेव्हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन सांगायचे, "अहो, भिंतीला श्वास घेऊ द्या." कुणी ऐकलं नाही. जुन्या भिंतीत पावसाचं पाणी मुरतं आणि चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आतच कोंडते आणि दगडच भुगा होऊन गळायला लागतो. त्या गढीचा एक कोपरा चौथ्या पावसाळ्यात खाली आला. चुन्याचं काम करायचं तर तो भिजत घालायचा, मुरवायचा, वाळू मिसळून मळायचा, थर द्यायचा, थर सुकेपर्यंत थांबायचं. थांबायची तयारी असलेला माणूस लागतो. गोव्याच्या पावसाळ्यात तर त्याहून जास्त.

या किल्ल्यासाठी ती तयारी कुणीतरी दाखवली. १९९३ पर्यंत इथे तुरुंग होता. तो हलवला आणि किल्ला ओस पडला. झाडं तटात शिरली, छपरं बसली. पुढे गोवा सरकार, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लंडनचा हेलन हॅम्लिन ट्रस्ट एकत्र आले, जेरार्ड द कुन्हा या गोव्यातल्याच वास्तुविशारदाने काम हाती घेतलं, आणि किल्ला पुन्हा उभा राहिला. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा या कामासाठी फार झटले. त्यांची चित्रं आता वरच्या दालनांत लावली आहेत. पाव विकणारा पोदेर, गच्च भरलेल्या बसा, चर्चबाहेर गप्पा मारणाऱ्या जाडजूड बायका. त्या दालनात शिरलेला प्रत्येक माणूस मला हसताना दिसला. बाबाही हसले, पण लवकरच बाहेर आले. त्यांना तट बघायचा होता.

तटावर गेल्याशिवाय या जागेचा इतिहास नीट कळत नाही. आधी इथे आदिलशाहीची चौकी होती. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि १५५१ मध्ये पोर्तुगिजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. पुढे मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा मोठा किल्ला झाला, तेव्हा हा दुसऱ्या फळीत गेला. लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय गोवे शहरात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, पाऊल टाकण्याआधी इथे मुक्काम करत. १७०७ मध्ये तो जवळजवळ नव्याने बांधला गेला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांच्या फौजाही इथे राहून गेल्या. मग लढायांची गरज संपली आणि आधी बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंती आतल्यांना अडवू लागल्या.

"सतराशे सात?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मेणवलीच्या घंटेवर कोणतं साल आहे, आठवतं?"

मला आठवत होतं. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, ती प्रचंड घंटा टांगलेली आहे. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला उचलून तिच्यावरची आकृती दाखवली होती. "ही बाई कोण?" मी विचारलं होतं. "मेरी. आणि तिच्या कडेवर येशू." मी बोट फिरवलं होतं, पंचधातू भर उन्हातही गार लागला होता. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत मिळालेली ती घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे.

म्हणजे इथे गवंडी हा तट रचत होते, त्याच वर्षी कुठेतरी ओतशाळेत ती घंटा ओतली जात होती. तिला पुढे कृष्णाकाठ लाभला. आणि हा किल्ला? हा किल्ला आपल्या हाती यायला थोडक्यात राहिला. हे मात्र मला त्या दिवशी बाबांनी तटावर उभं राहून सांगेपर्यंत कधी नीट कळलंच नव्हतं.

१७३९ म्हटलं की आपल्याला वसई आठवते. सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग, चिमाजीअप्पा, मे महिन्यातली ती शरणागती. पण वसईला वेढा पडलेला असताना गोव्यातून कुमक जाऊ नये म्हणून मराठ्यांनी इथेही आघाडी उघडली होती. इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे दक्षिण गोव्यातल्या साष्टी प्रांतात उतरले, मडगाव घेतलं, राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. उत्तरेकडून सावंतवाडीचे भोसले बारदेशात, म्हणजे मांडवीच्या या काठावरच्या प्रांतात, शिरले आणि बघता बघता बहुतेक सगळं बारदेश त्यांच्या हाती आलं. उरले दोनच किल्ले. आग्वाद आणि हा, रेईस मागोस. या दोघांच्या आधाराने पोर्तुगिजांनी नदी धरून ठेवली. पुढे वसई गेली, तह झाले, चौल सोडावं लागलं, पण गोवे शहर वाचलं. १७४१ मध्ये नवा व्हाइसरॉय, लुरिसालचा मार्क्विस, नवी फौज घेऊन लिस्बनहून आला आणि बारदेश परत गेलं.

बाबांनी तटाच्या जंग्यातून पलीकडे बघितलं. उजव्या हाताला समुद्र, समोर पणजी, डावीकडे वर जाणारी नदी. "इथून एक कोस पुढे सरकले असते तर," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी वाट बघत होते ती या वाक्याची. मला वाटलं, आता ते हळहळतील. लहानपणी आम्ही वसईच्या किल्ल्यात जायचो तेव्हा ते सरळ बुरुजावर चढायचे, सुरुंग कुठे लावला, फळी कुठून चढली, कोण कुठे पडलं, सगळं हातवारे करून दाखवायचे. आणि आम्ही परत फिरायचो. आतली चर्चं, मठ, ती छप्पर उडालेली उंच उंच भिंताडं, त्यातून वर गेलेली वडाची मुळं, त्या बाजूला आम्ही फिरकलोच नाही. आमच्यासाठी वसईचा किल्ला म्हणजे तो एक मे महिना. त्याआधीची दोनशे वर्षं आणि नंतरची पावणेतीनशे, कशाशीच आम्हाला देणंघेणं नव्हतं.

पण बाबा हळहळले नाहीत. ते खाली आले आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनात गेले.

तिथे भिंतीवर गोवा मुक्तिलढ्यातल्या माणसांची छायाचित्रं आहेत. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तिथपासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंतचा काळ. बाबा एकेका चेहऱ्यासमोर थांबत होते. नाव वाचायचे, मागे सरकून चेहरा बघायचे, पुढच्या चौकटीकडे जायचे. इतकं बारकाईने ते काय बघताहेत ते मला कळेना.

"कुणाला शोधताय बाबा?"

ते बोलायला लागले. १९५५ साली ते आठ वर्षांचे होते. पुण्यातल्या त्यांच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक जण एकटेच राहायचे, छापखान्यात खिळे जुळवायचे. मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांची सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली, त्यानंतर एकामागून एक तुकड्या जाऊ लागल्या. पंधरा ऑगस्टच्या आधी हे गृहस्थ एका संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांत फिरून निरोप घेऊन आले. आजीने त्यांच्या हातावर दही ठेवलं. त्या पंधरा ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले, पनवेलचे हिरवे गुरुजीही त्याच दिवशी गेले. वाड्यात दोन दिवस कुणाच्या घरात नीट चूल पेटली नाही. आठवड्याने ते परत आले. मारून मारून सीमेपलीकडे फेकून दिलेले. "त्यांच्या उजव्या हाताची बोटं सरळ होत नसत," बाबा म्हणाले. "खिळे जुळवायचं काम गेलं. मग वाचनालयात बसून राहायचे. मी शाळेतून येताना त्यांना वर्तमानपत्राचं पान उलटून द्यायचो."

अठ्ठेचाळीस वर्षं मी या माणसाची मुलगी आहे, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. किल्ल्यात त्यांचं काही नाही म्हणणारा माणूस इथे सत्तर वर्षांपूर्वीचा एक शेजारी शोधत होता.

ते सापडले नाहीत. सापडायचं काही कारणही नव्हतं. गोरे, मधु लिमये यांच्यासारख्यांना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या, १९५७ मध्ये ते सुटले, त्यांची नावं राहिली. मार खाऊन त्याच दिवशी परत ढकललेल्या शेकडो माणसांची छायाचित्रं कोण काढणार होतं?

दालनाच्या दाराशी एक वयस्कर रखवालदार खुर्चीवर बसले होते. बाबांनी त्यांना विचारलं, "तुरुंग नेमका कुठल्या भागात होता?"

ते बाबांकडे बघत राहिले, मग हाताने सगळ्या आवाराभोवती एक वर्तुळ काढलं. "सगळेंच जेल आशिल्लें, बाबा."

मग उठून आमच्याबरोबर चालायला लागले. त्यांचं घर खाली वाड्यावर. लहानपणी त्यांना इथे वर यायला मिळत नसे. रात्री खालून किल्ल्यावरचा एक दिवा तेवढा दिसायचा. आई भीती घालायची ती या दिव्याचीच. आता ते रोज सकाळी याच किल्ल्याचं दार उघडतात. हे सांगताना ते एका खोलीत थांबले. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशी स्वच्छ, प्रकाशयोजना सुरेख. वर, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक गजांची खिडकी. त्यातून आकाशाचा चौकोन दिसत होता, फक्त आकाशाचा. नदी नाही, झाड नाही. मी त्या खिडकीखाली उभी राहून बघितलं. टाचा उंचावल्या तरी दुसरं काहीच दिसत नाही. या एवढ्याशा चौकोनावरून कुणीतरी पाऊस आला, थंडी संपली, हे ओळखत असेल.

मला या संग्रहालयाबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती प्रेमातून आहे. डागडुजी इतकी सुंदर झाली आहे, की तुरुंगाची वर्षं तिच्याखाली जरा जास्तच दबून गेली आहेत. सोळाव्या शतकाचा चिरा दिसतो, अठराव्या शतकाचा बुरूज दिसतो, पण १९९० साली या खोलीत झोपणाऱ्या कैद्याची खूण मला शोधूनही दिसली नाही. लढाईच्या खुणा आपण जपतो. कोंडलेल्या माणसांच्या खुणांवर सगळ्यात आधी रंगाचा हात फिरतो. एखादी भिंत तशीच ठेवायला हवी होती, डागांसकट.

बाबांना हे पटलं नाही. "अगं, आधी उभा तर राहायला हवा," ते म्हणाले. "पडला असता तर तू ही खिडकी कुठे बघणार होतीस? आपल्याकडे बघ. एकेका गडासाठी जीव टाकतो आपण. घोषणा देतो, भंडारा उधळतो. आणि टाक्यात प्लॅस्टिक. हा तर आपण जिंकलेलासुद्धा नाही. तरी बघ कसा ठेवलाय."

"मग याच्यात आपलं काय आहे?" मी त्यांचंच वाक्य त्यांना विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, मला खरंच हवं होतं उत्तर.

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. रखवालदार पुढे निघून गेले होते, त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. आम्ही शेवटच्या बुरुजावर आलो. नदीपलीकडे कांपालच्या काठावर सकाळचा आमचा बाक ओळखू येतो का, ते बाबा बघू लागले. झाडांची रांग दिसत होती. बाक काही ओळखू येईना.

"गवंडी तर इथलेच असणार," ते म्हणाले. "हे चिरे लिस्बनहून नाही आणले कुणी. इथल्याच खाणीतले, इथल्याच माणसांनी तासलेले. मडगावची बाजारपेठ लुटली गेली तेव्हा रडल्या असतील त्या बायकाही इथल्याच. आणि खोलीतून आकाश बघणाराही इथलाच. मी पन्नास वर्षं मुलांना कोण जिंकलं ते शिकवलं. कोण राहत होतं ते नाही शिकवलं."

एवढं बोलून ते पायऱ्या उतरायला लागले. उतरताना गुडघे जास्त दुखतात, म्हणून एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा भिंतीवर. मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक पायरीला त्यांनी भिंतीला हात लावला असेल. खाली पोचलो तेव्हा तळहातावर तांबूस धूळ होती.

परतीच्या फेरीत ऊन चढलं होतं. बाबांना बसायला जागा मिळाली. दुपारी बाजार आटोपून घरी निघालेल्या एका बाईने तिची पिशवी उचलून त्यांना जागा करून दिली. पणजीचा धक्का जवळ येत होता.

"पुढच्या महिन्यात वसईला जाऊ या का?" बाबांनी विचारलं.

"बुरुजावर चढवणार नाही तुमच्याकडून."

"बुरूज नकोच. ते फ्रान्सिस्कनांचं चर्च आहे ना आत, त्याच्या जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत. नावं कोरलेली. मी इतक्या वेळा गेलो, एकही वाचलेली नाही." खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. "पोर्तुगीज अक्षरं लागतील का गं मला?"

"मी बरोबर येईन. मोठ्याने वाचू."

लोखंडी फळी धक्क्यावर आदळली, आणि आधी स्कूटर बाहेर पडल्या.